वॉशिंग मशीनचा नॉब तुटला? पक्कड लावण्याआधी हे वाचा

मागच्या मे महिन्यात शेजारच्या काकू सकाळी सातलाच आमच्या दाराशी आल्या. हातात मशीनचा नॉब. म्हणाल्या, "अरे, हे बटन नुसतं गरगर फिरून राहिलं न. आठ दिवसांपासून पक्कडीनंच मशीन चालवून राहिली मी. आज पक्कडही सटकून राहिली." मेकॅनिकने मशीन न बघताच फोनवर टायमर बदलायला सांगितलं होतं. त्यांच्या मागच्या गॅलरीत जाऊन बघितलं, तर टायमर चांगला टिकटिकत होता. नॉबच्या आतली नळी उभी चिरली होती, एवढंच. पण आठ दिवसांत पक्कडीच्या दातांनी दांडीची कड चावून टाकली होती. अर्ध्या तासाचं काम त्यामुळे दोन दिवसांचं झालं.

हा लेख मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक मशीनबद्दल आहे, म्हणजे दोन टब आणि वर तीन-चार नॉब असलेल्या मशीनबद्दल. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजून तीच आहे आणि तिचे नॉब घरी दुरुस्त होण्यासारखे असतात. फुल्ली ऑटोमॅटिकबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पक्कड का नको

नॉब ज्या दांडीवर बसतो ती दांडी पूर्ण गोल नसते. तिची एक बाजू सपाट तासलेली असते, इंग्रजी डी अक्षरासारखी. नॉबच्या नळीतही तसाच सपाट भाग असतो. फिरवताना सगळा जोर या दोन सपाट बाजूंमधूनच जातो. पक्कड धरली की दातांमुळे ती सपाट बाजू खडबडीत होते आणि कडा गोलावतात. मग नवा नॉब आणला तरी तो धड बसत नाही, बसला तर सटकतो. दांडी प्लास्टिकची असेल तर ती मुळापासून तुटू शकते, आणि तसं झालं की टायमरच बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एरवी त्या दांडीत करंट येत नाही. पण साबणाचं पाणी पॅनेलमध्ये झिरपलेलं असेल, घराचं अर्थिंग धड नसेल, खाली ओली फरशी आणि हातात उघड्या लोखंडाची पक्कड असेल, तर २३० व्होल्टशी गाठ आहे. नवा नॉब मिळेपर्यंत मशीन बंद ठेवा. चार दिवस कपडे हाताने धुवा, पण हे करू नका.

सुरुवात पिन काढण्यापासून

भिंतीवरचं बटन बंद करून थांबू नका, थ्री-पिन सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटन न्यूट्रलवर बसवलेलं असतं, म्हणजे बटन बंद असलं तरी मशीनपर्यंत फेज पोहोचलेली असते. नळ बंद करा, टबमधलं पाणी सोडून द्या, पॅनेल कोरड्या फडक्याने पुसा. नुसता नॉब काढायचा असेल तर एवढं पुरे. पॅनेल उघडायचं असेल तर आत मोटारचा कॅपॅसिटर असतो आणि पिन काढल्यावरही त्यात काही काळ चार्ज राहू शकतो. दहा मिनिटं थांबा, आणि नंतरही त्याच्या टोकांना हात लावू नका.

स्पिन चालू असताना नॉब हातात आला तर झाकण उघडून टबात हात घालायचा नाही. पिन काढायची आणि टब पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

नॉब बाहेर कसा काढायचा

बहुतेक नॉब नुसते दाबून बसवलेले असतात आणि सरळ बाहेर ओढले की निघतात. काहींच्या मधोमध छोटी टोपी असते, तिच्याखाली स्क्रू. म्हणून ओढण्याआधी मधला भाग नखाने चाचपून बघा.

घट्ट बसलेल्या नॉबखाली पेचकस खुपसून उचकटायचा मोह होतो. पॅनेलचं प्लास्टिक तिथेच तडकतं. त्यापेक्षा जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी किंवा परकराचा नाडा घ्या. नॉब आणि पॅनेल यांच्यातल्या फटीत तो मागून सरकवून नॉबभोवती एक वेढा द्या, दोन्ही टोकं हातात धरा आणि समोर सरळ ओढा. नॉब वाकडा न होता अलगद निघतो. मी आजवर काढलेले बहुतेक नॉब असेच काढले आहेत.

नॉब शून्यावर असताना त्याचा बाण कुठे होता आणि दांडीची सपाट बाजू कुठे आहे, याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. पुढे हाच फोटो सगळ्यात उपयोगी पडतो.

नॉब का तुटला ते आधी शोधा

माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे. नॉब सहसा उगाच तुटत नाही. आतली दांडी जड फिरायला लागते, आपण नकळत जास्त जोर लावतो आणि तो जोर नॉबची नळी सोसते. कारण तसंच ठेवून नवा नॉब लावला तर तोही काही महिन्यांत तुटतो. माणसं म्हणतात माल हलका होता, आणि दोष आतच राहतो.

पिन बाहेर असतानाच दांडी बोटांच्या चिमटीत धरून बाणाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, हळू फिरवा. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक मशीनचे टायमर स्प्रिंगवर चालतात, चावीच्या घड्याळासारखे. त्यामुळे वीज नसतानाही ते टिकटिकतात. वॉशचा टायमर साधारण १५ मिनिटांचा आणि स्पिनचा ५ मिनिटांचा असतो. दांडी ५ मिनिटांपर्यंत नेऊन सोडा आणि घड्याळ लावा. साधारण तेवढ्या वेळात ती शून्यावर आली, मध्ये अडकली नाही, आवाज एकसारखा राहिला, तर टायमर ठीक आहे आणि दुखणं फक्त नॉबचं आहे. काकूंच्या मशीनची हीच परीक्षा घेतली आणि नव्या टायमरचे पैसे वाचले.

दांडी उलट्या दिशेने कधीही जोर लावून फिरवू नका. आतल्या दातेरी चाकांचे दात त्यानेच तुटतात. चुकून जास्त मिनिटं लागली तर ती संपू द्या, किंवा पिन काढून टायमर रिकामाच उतरू द्या.

दांडी चिमटीत फिरतच नसेल, मध्ये अडकत असेल किंवा टिकटिक न करता झर्रकन परत येत असेल, तर टायमर गेलेला आहे. तिथे खोबरेल तेल, मशीनचं तेल किंवा गंज काढायचा फवारा मारू नका. आत वीज जोडणारे-तोडणारे संपर्क असतात, त्यांच्यावर तेल गेलं की त्यावर धूळ धरते, ठिणगी उडते आणि प्लास्टिक वितळू शकतं.

ड्रेनचा नॉब जड असेल तर गोष्ट वेगळी. त्याला टायमर नसतोच. तो आतल्या एका दोरीने किंवा पट्टीने तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह वर ओढतो. व्हॉल्व्हमध्ये कपड्यांचा मळ, धागे, कधी शर्टाचं बटन अडकतं, आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत पांढरा खवलाही धरतो. आमच्या नागपुरात पेंच धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनपेक्षा बोअरच्या पाण्यावरच्या मशीनमध्ये हा खवला मला कितीतरी जास्त दिसला आहे. वॉश टबमधल्या बाजूच्या जाळीचं झाकण काढा, व्हॉल्व्हभोवतीचा गाळ जुन्या टूथब्रशने साफ करा, खवला असेल तर कोमट पाण्यात निंबूसत्त्व विरघळवून अर्धा तास टाकून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. मग नॉब हलका फिरतो का ते बघा.

नॉब नेमका कुठे तुटला आहे

नॉब उलटा करून उजेडात धरा. नळीला उभी चीर गेलेली दिसेल, नाहीतर नळी चकतीपासून मुळातच सुटलेली असेल, नाहीतर नळी अखंड असून आतला सपाट भाग झिजून गोल झालेला असेल. काही नॉबमध्ये नळीच्या आत नखाएवढी स्टीलची स्प्रिंगपट्टी असते, ती दांडीला दाबून धरते. नॉब एकाएकी सैल झाला असेल तर ही पट्टी पडलेली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा मशीनच्या मागे आणि खाली शोधा. सापडली तर परत बसवा, दुरुस्ती संपली.

चिकटवण्याआधी प्लास्टिक ओळखा. वाटीत पाणी घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नॉबचा निघालेला एखादा कपचा त्यात बुडवून सोडा. तळाशी गेला तर तो बहुधा एबीएस प्लास्टिकचा, त्याला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव्य, चांगलं धरतं. परत वर येऊन तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीनसारख्या मेणचट प्लास्टिकचा. बाजारातलं कुठलंही साधं चिकटद्रव्य त्याला टिकाऊ धरत नाही. तिथे वेळ घालवू नका, सरळ नवा नॉब आणा.

चिरलेली नळी: दोरा आणि इपॉक्सी

फेविक्विकने नळी एका मिनिटात जुळते आणि चार धुण्यांत पुन्हा उघडते, कारण तो जोड कडक पण ठिसूळ असतो आणि इथे जोर पिळाचा असतो. चीर बाहेरून आवळणारं काहीतरी हवं. मी दोरा वापरतो.

लागतं ते एवढं: ॲरल्डाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी, गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, बारीक पॉलिशपेपर, सुई, व्हॅसलीन आणि बांबूची एक काडी.

आधी पॅनेलचं भोक आणि नॉबची नळी यांच्यात किती फट आहे ते मोजा. नळी पॅनेलच्या आत शिरत असेल तर दोऱ्याचा थर त्या फटीत मावला पाहिजे. साधारण एक मिलिमीटर जागा असली की काम होतं.

नॉब साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. आपल्या हाताचं तेल आणि कपडे धुण्याची पावडर यांचा एक गुळगुळीत थर प्लास्टिकवर बसलेला असतो, तो गेला नाही तर काहीच चिकटत नाही. नळीची बाहेरची बाजू पॉलिशपेपरने घासून निस्तेज करा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि मग बोट लावू नका.

बांबूची काडी चाकूने दांडीच्या आकाराची तासा, एक बाजू सपाट. तिच्यावर सेलोटेपचा एक वेढा आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात. ही काडी नळीत सैलसर बसली पाहिजे. चीर आवळताना आतला आकार बिघडू नये आणि इपॉक्सी आत भरू नये, यासाठी ती आहे.

इपॉक्सीच्या दोन्ही नळ्यांतून सारखं माप घेऊन काडेपेटीच्या काडीने मिनिटभर घोटा. सुईच्या टोकाने ते चिरेत भरा, मग चीर बोटांनी दाबून मिटवा. आता दोऱ्याला इपॉक्सी लावत लावत नळीच्या बुडापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी वेढे द्या, दोरा ताणून धरत. पतंगाच्या चक्रीवर मांजा गुंडाळतो तसा, पण एकच थर. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोवून ओढून घ्या. वरून पुन्हा इपॉक्सीचं बोट फिरवा, दोरा काचेसारखा पारदर्शक दिसला पाहिजे. नॉब उलटा, नळी वर करून ठेवा.

साधं इपॉक्सी रात्रभरात घट्ट होतं, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. उन्हाळ्यात ते लवकर धरतं, डिसेंबरच्या थंडीत वेळ घेतं. थंडीत नॉब स्वयंपाकघरात, गॅसपासून लांब पण उबदार कोपऱ्यात ठेवा. नंतर काडी फिरवून काढा. काकूंचा नॉब असाच बांधला आहे.

नळी चकतीपासून सुटली असेल तर दोऱ्याने भागत नाही. दोन्ही पृष्ठभाग घासून इपॉक्सीने जोडायचे आणि सांध्याभोवती एम-सीलचा उतरता कठडा द्यायचा, झाडाच्या बुंध्याला मातीची भर घालतात तसा. हा जोड दोऱ्याइतका भरवशाचा नसतो. मी तो नवा नॉब मिळेपर्यंतचा उपाय समजतो.

झिजलेली नळी आणि चावलेली दांडी

नळी अखंड, पण आतून गोल झाली असेल तर मशीनच्या दांडीचाच साचा करायचा. रिकामी दुधाची पिशवी धुऊन कापा, मध्ये छोटं भोक पाडून दांडीवर चढवा, म्हणजे काही आत पडणार नाही. दांडीवर व्हॅसलीनचा पातळ हात द्या. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, तुरीच्या दाण्याएवढी गोळी नळीत भरा, बाण शून्यावर धरून नॉब सरळ दाबा. बाजूने आलेलं जास्तीचं पुसा. नखाने जेमतेम खूण उमटेल इतपत कडक झालं की नॉब एकदा बाहेर ओढा आणि परत घाला. ही पायरी विसरलात तर नॉब दांडीला कायमचा चिकटतो. मग काढून २४ तास बाहेर ठेवा.

पक्कडीने चावलेल्या दांडीवर आधी बारीक कानस फिरवावी लागते, नुसत्या वर आलेल्या टोच्या जाईपर्यंत. दांडीच्या बुडाशी कापूस गुंडाळून ठेवा. लोखंडाचा भुगा टायमरमध्ये पडता कामा नये. सपाट बाजू आणखी तासू नका, ती आधीच कमी झालेली असते.

नवा नॉब आणताना

नागपूरच्या बर्डीच्या बाजारात किंवा घराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना जुना नॉब, मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि तो दांडीचा फोटो सोबत न्या. नुसतं "सेमीचा नॉब द्या" म्हटलं की दुकानदार समोर पाच नॉब टाकतो आणि सगळे सारखेच वाटतात. दांडीची जाडी बहुतेक वेळा ६ मिलिमीटरच्या आसपास असते, पण सपाट बाजू किती खोल आणि नळी किती लांब, यात फरक पडतो.

सपाट बाजू बाणाकडे आहे की बाणाच्या उलट, हे जुन्या नॉबशी ताडून बघा. हे उलटं आलं तर नॉब घट्ट बसतो, मशीन चालतं, पण बाण १५ मिनिटांवर असताना टायमर भलत्याच जागी असतो. असा नॉब गळ्यात पडलाच असेल तर टायमर शून्यावर असताना नॉबच्या वरच्या कडेला नेलपॉलिशने नवी खूण करा आणि जुना बाण पॉलिशपेपरने घासून टाका.

बसवल्यावर नॉब आणि पॅनेल यांच्यात टेलिफोनचं जुनं कागदी बिल सहज सरकेल इतकी फट राहिली पाहिजे. नळी आखूड असली की नॉबची कड पॅनेलला घासते. स्प्रिंगच्या टायमरची ताकद बेताची असते, एवढ्या घासण्यानेही तो मध्येच थांबतो आणि मशीन बंदच होत नाही. लोक मग टायमर बदलतात. घासत असेल तर नॉब थोडा बाहेर ओढा किंवा त्याची मागची कड पॉलिशपेपरवर घासून कमी करा.

टायमरच बदलायचा असेल तर

वायरिंगची सवय असेल तरच हे घरी करा. जुन्या टायमरसारखाच, तेवढ्याच वायरींचा टायमर घ्या. पॅनेलचे स्क्रू काढल्यावर कुठलीही वायर सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वायरी एकदम न सोडता जुन्यावरची एक काढून नव्यावर लावा, मग दुसरी. रंगांवर विसंबू नका, नव्या टायमरच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात. यातलं काही अनोळखी वाटलं तर मेकॅनिकला बोलवा, पण ५ मिनिटांची परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवा.

फुल्ली ऑटोमॅटिक फ्रंट लोडचा प्रोग्रॅमचा नॉब दिसायला तसाच असतो, पण त्याच्या मागे थेट इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तिथे दोरा-इपॉक्सीची दुरुस्ती नॉब बाहेर काढून करायला हरकत नाही. बोर्डावर बसलेल्या दांडीवर मात्र ना कानस, ना एम-सील. नॉब चांगला असून प्रोग्रॅम उड्या मारत असतील तर दोष आत आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर पॅनेल उघडूच नका.

लावल्यानंतर

पिन लावण्याआधी रिकाम्या टायमरवर नॉब पाच-सहा वेळा फिरवून शून्यावर येतो का बघा. मग पिन लावून टबात थोडं पाणी घेऊन चालवा. ओल्या, साबणाच्या हाताने नॉब फिरवला की बोटं निसटतात आणि आपण जोर वाढवतो, म्हणून मशीनशेजारी एक कोरडं फडकं टांगून ठेवा. मशीन पश्चिमेच्या गॅलरीत असेल तर पॅनेलवर जाड कापडाचं आवरण घाला. नागपूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळे काढलेलं प्लास्टिक पिवळं पडतं आणि खडूसारखं ठिसूळ होतं. काकूंचा नॉब चिरला होता तो नेमका उन्हाच्या बाजूने.

एम-सील उरलं होतं. काकूंच्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे पॅनेलवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून शून्याच्या जागी पॅनेलवर मोहरीएवढा एक ठिपका आणि १० मिनिटांवर दोन ठिपके चिकटवले, नॉबच्या बाणावरही एक उंचवटा केला. आता त्या बोटांनी चाचपून मशीन लावतात.